आर्नेंचं गाणं आणि थांबलेला टाळ

माझा संताप अजून उतरलेला नाही.

शेजारचे आर्ने गेले. माणूस नॉर्वेचा, पण इथं परदेशात, श्रूजबरी गावात, आमचं कीर्तन असलं की मागच्या खुर्चीवर ठाण मांडून बसायचे. पूर्वरंगात डुलायचे, उत्तररंगात डोळे पुसायचे, आणि शिरा दोनदा मागून घ्यायचे. म्हणून त्यांच्या बायकोने, इंगेरने, आम्हाला गळ घातली. आर्नेंच्या आईने त्यांच्या भाषेत रचलेलं एक संध्याकाळचं गाणं होतं, नवरा-बायको रोज म्हणायची. "शोकसभेत तुम्ही म्हणा, मी मागून म्हणेन. एकटीला नाही जमणार मला."

आमचे बुवा परीक्षितकाका. गाणं त्यांनी देवनागरीत उतरवून घेतलं आणि तिथंच घोळ झाला. त्यात 'बार्नदॉम्सयेम' असा शब्द आहे, म्हणजे लहानपणीचं घर. इंगेरने नीट सांगितलं होतं : 'बार्नदॉम्स' वेगळं, 'येम' वेगळं, आणि सगळा जोर पहिल्या 'बार्न'वर. काकांनी सवयीने 'स'ला 'य' जोडला, 'बार्नदॉम-स्येम' असं तोडलं, वर 'स्येम'वर समेचा दणका.

तालमीत इंगेर मांडीवर हात आपटत म्हणाली, "नो, नो! बार्न!"

"चाल मोडू का आता?" काका मला मराठीत म्हणाले.

"मोडा."

"काका, चेंज करू ना यार," पेटी शिकणारी रुचा म्हणाली. "एवढंसं तर आहे."

"तू आधी सूर धर. आणि सुचित्रा, तिथं कळणार कुणाला?"

"जिचा नवरा गेलाय तिला कळेल!"

"तू टाळ वाजव. बुवा मी आहे."

शोकसभेला काका फेटा बांधून आले. चर्चच्या हॉलमध्ये पेटी सुरू झाली. इंगेर मागून म्हणू लागली. 'स्येम'चा दणका आला, ती अडखळली. पुन्हा आला, तिने ओठ मिटले आणि मान खाली घातली. काका मात्र डोळे मिटून रंगलेले.

बुवा गात असताना टाळकऱ्याने थांबायचं नसतं. मी थांबले. माझं बघून बाकीचे टाळही थांबले.

"वाजव!" काका दात खाऊन पुटपुटले.

"नाही वाजवणार."

"भर सभेत अपमान करतेस?"

"हो, करतेय! माणूस हिचा गेलाय, काका, आणि तुम्ही तिच्याच तोंडचं गाणं काढून घेताय."

काकांनी पेटीचा भाता मिटला आणि ताडताड बाहेर गेले. मी इंगेरजवळ जाऊन बसले. म्हटलं, तुम्ही म्हणा, मी तुमच्यामागे.

मग 'बार्न'वर सगळा भार टाकून, 'येम' अगदी हळू खाली ठेवत, ती म्हणू लागली. ती जिथं जोर देई तिथं मी टाळ वाजवला. गाणं शेवटपर्यंत गेलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

रुचाने काकांची पेटी स्वतःकडे ओढून घेतली.