झुरळाची साक्ष

खानावळवालीचं आणि दुसरीच्या बाईंचं पहिल्या दिवसापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. बाई वर्गाला किडे शिकवत होत्या. "आधी बघा, मग पुस्तकात शोधा, मग बोला," हा त्यांचा खाक्या. शिवाय प्रत्येक मुलाला एक साक्षीदार. दोघांनी मिळून पाहिलं असेल तेवढंच पालकांसमोरच्या कार्यक्रमात सांगायचं, बाकीचं बाद.

"किड्यांना साक्षीदार कशाला? खून झालाय का कुणाचा?" खानावळवाली गल्ल्यावरून विचारायची आणि जेवणारे हसायचे.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिने लेकाचा, ढब्बूचा, तक्ता उलगडला आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. वर मोठ्या अक्षरात 'झुरळ'. खाली सहा पाय, लांब मिशा, अंड्यांची पिशवी, सगळं अगदी व्यवस्थित. आणि 'कुठे पाहिलं?' यापुढे: आमच्या खानावळीत, मोरीखाली आणि पिठाच्या डब्यामागे.

ती तडक शाळेत गेली.

"बाई, किडा बदला."

"का? वर्गात सगळ्यात चांगलं काम त्याचंच आहे."

"निम्मे पालक माझ्याकडे जेवतात! उद्या माझ्याकडे काळं कुत्रं तरी फिरकेल का?"

"मग आजच मोरी साफ करा."

"तोंड सांभाळा! तीनदा औषध मारलंय मी. शेजारच्या गटारातून येतात मेली. तुमचा पगार बसल्या जागी येतो, माझ्याकडे कुणी जेवलं तरच चूल पेटते."

"त्याने पाहिलंय ते तो सांगणार," बाई म्हणाल्या आणि वह्या तपासायला लागल्या. खानावळवालीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

घरी येऊन तिने झुरळाच्या तक्त्याचे चार तुकडे केले आणि फुलपाखराचा तक्ता रंगवला. ढब्बू रडला, तेव्हा एक धपाटा घातला. मग जवळ घेऊन पाठ करून घेतलं, "बागेत पाहिलं, पिवळ्या फुलावर." त्याची साक्षीदार होती वर्गातली टिकली. तिची आई कारखान्यात कामाला, म्हणून पोरगी रोज शाळा सुटली की खानावळीत जेवायची. ती खाल्ल्या मिठाला जागेल, याची खानावळवालीला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी ढब्बू पोपटासारखा बोलला. टाळ्या पडायच्या आत बाईंनी विचारलं, "साक्षीदार?"

टिकली उभी राहिली. "बाई, फुलपाखरू आम्ही पाहिलंच नाही. आम्ही झुरळं पाहिली. काकूंच्या खानावळीत, पिठाच्या..."

"ए भवाने!" खानावळवाली ताडकन उठली. "काय वाट्टेल ते बरळतेस?"

"तुम्ही खाली बसा," बाई कडाडल्या. "ढब्बू, तू सांग. खरं काय?"

ढब्बूने आईकडे पाहिलं. तिने डोळे वटारले होते.

"टिकली खोटं बोलतेय, बाई," तो म्हणाला. मग जरा थांबून, "ती नेहमीच खोटं बोलते."

हे दुसरं वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पालक हसले. टिकलीची आई कामाच्या कपड्यांतच पुढे आली, "ज्यांच्या घरचं खातेस त्यांच्यावरच उलटतेस?" म्हणाली आणि तिने सगळ्यांदेखत पोरीच्या थोबाडीत मारली. बाई मध्ये पडल्या तोवर उशीर झाला होता. टिकली हमसून हमसून एवढंच म्हणत होती, "पण आम्ही दोघांनी पाहिलं होतं."

खानावळवालीने जिंकलं होतं. त्या दुपारी एक बाक रिकामा नव्हता. "मुलगा काय धीट बोलतो हो तुमचा!" म्हणत लोक पुन्हा वाढून घेत होते. तिने मात्र टिकलीचं ताट वाढून झाकून ठेवलं आणि चार वेळा दाराशी जाऊन आली.

ढब्बू मोरीपाशी उकिडवा बसून खालच्या अंधारात बघत होता.

"जा रे, तिला बोलावून आण," ती म्हणाली. "भुकेली असेल."

"नको," तो मान वर न करता म्हणाला. "तिला आता घरात घेऊच नकोस, आई. ती बघितलेलं सगळं सांगते. मी नाही सांगत."

एवढं बोलून त्याने शाबासकीसाठी तिच्याकडे पाहिलं. तिला तर स्वतःच्या पोराची भीती वाटली. बाहेरून कुणीतरी आमटी मागत होतं, पण तिचा पाय हलेना.