ऐरणीवर आज काही नाही

बावीस वर्षं मी आमच्या गावच्या रेडिओवर सकाळी सातला लाटांचा अंदाज सांगतोय, आणि बावीस वर्षं खोटं सांगतोय. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. गावानेच तर मला त्या कामाला बसवलं.

कारण ऐरण. गावापासून तीस किलोमीटरवर, टेकाडाखाली पाण्यात बुडालेला एक खडक आहे, त्याला आम्ही ऐरण म्हणतो. दक्षिणेकडून आलेली लाट त्याच्यावर आपटून दोन मजली उभी राहते. नवशिक्याने तिथे जाऊच नये, आणि मुरलेल्यानेही भरल्या पोटी जाऊ नये. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला तिथे एका वेळी सहाच माणसं मावतात. मेलबर्नहून गाड्या भरभरून लोक आले तर आम्ही काय टेकाडावर बसून सँडविच खायचं? म्हणून ठरलं, लाट झकास असली की व्हर्नने नाक मुरडायचं. ‘ऐरणीवर आज काही नाही, घरीच बसा’ म्हटलं की गावाने सर्फबोर्ड काढायचे. लाट भिकार असली की मी कौतुकाचे पूल बांधायचे. बाहेरचे बिचारे जाऊन उन्हात वाळत बसायचे आणि आम्ही बेकरीत हसायचो.

त्या शुक्रवारी पावणेसातला मी स्टुडिओत समुद्रातल्या यंत्राचे आकडे पाहिले. लाट साडेचार मीटर. दोन लाटांमध्ये एकोणीस सेकंद. वारा जमिनीकडून, हलका. इथपर्यंत वाचून कोणालाही वाटावं, आज सण आहे. मग मी दिशा पाहिली. दक्षिण नव्हे, पश्चिम. आणि ओहोटी सव्वानऊला, महिन्यातली सगळ्यात मोठी. पश्चिमेची लाट ऐरणीवर एका टोकाकडून फुटत जात नाही, अख्खी एकदम कोसळते. बाहेर पडायची एकुलती एक वाट बुजवून टाकते, आणि खाली गुडघाभर पाण्यात खडक. त्यात अशा लाटा झुंडीने येतात. मधली वीस मिनिटं समुद्र अगदी शहाण्यासारखा वागतो आणि काठावरून पाहणारा फसतो. म्हाताऱ्या क्लॅरीचा भाऊ असाच फसला. त्याला बाहेर काढणाऱ्यांत मी होतो.

आणि माझी मुलगी ब्रॉनी आदल्या संध्याकाळपासून तिथेच होती. चार वर्षांनी ॲडलेडहून चार दिवसांसाठी आली होती. फोनवर मीच तिला दर रविवारी सांगायचो, इथे काही नाही गं, तू तिकडेच बरी. आल्या आल्या गाडीत झोपायला टेकाडावर गेली. ऐरणीवर तिच्यासारखी उतरणारी गावात दुसरी नाही. तिथे फोन लागत नाही. गाडीतला रेडिओ लागतो.

“मग सांग ना, जाऊ नका, धोका आहे,” ग्लेनिस म्हणाली. स्टुडिओतली सगळी बटणं तिच्या हातात.

“ते ऐकलं की ब्रॉनी पाण्यात उतरलीच म्हणून समज.”

“मग सांग, फार छान आहे.”

“ब्रॉनी थांबेल. पण पर्यटकांच्या कॅराव्हॅन पार्कात मेलबर्नची दोन पोरं आलीत, ती जातील. त्यांना मारू?”

तिने डोकं खाजवलं. “ठीकठाक आहे म्हण.”

“ठीकठाक म्हणजे काय ते आपलं ठरलेलं नाही.”

“अरे बाबा, खरं काय ते सांगून टाक!”

“कुठलं खरं? सरळ खरं की उलटं खरं?”

“मला काय विचारतोस? घोळ तुझा, तूच निस्तर.”

इकडे आड, तिकडे विहीर. लाल दिवा लागला आणि मी माइक जवळ ओढला.

“मी व्हर्न बोलतोय. आज ऐरणीवर जाऊ नका. म्हणजे खरंच जाऊ नका. एरवी मी म्हणतो तसं नाही. एरवी मी खोटं बोलतो, आज खरं बोलतोय. शप्पथ. लाट पश्चिमेची आहे. ब्रॉनी, पोरी, पाण्यात उतरू नकोस गं.” पुढे माझा आवाजच फुटेना.

काचेपलीकडे ग्लेनिसने कपाळाला हात लावला. “व्हर्न, इतकं कौतुक तर तू आजवर कधीच केलं नव्हतंस.”

मी गाडी काढली. वाळूच्या रस्त्याला लागलो तर माझ्यापुढे अकरा गाड्या, सगळ्यांच्या टपावर बोर्ड. मी हॉर्न वाजवत राहिलो. ते खिडकीतून हात हलवत राहिले.

टेकाडावर पोचलो तेव्हा समुद्र निळाशार, गप्प. लोक माझी पाठ थोपटायला आले. “शप्पथसुद्धा घेतलीस! कमाल आहे तुझी!”

“खरं बोलत होतो मी!”

“हो हो,” म्हणून एकाने डोळा मारला. लांडगा आला रे आला म्हणणारा निदान पोर तरी होता. मी त्रेसष्टचा घोडा.

ब्रॉनी खाली कातळाच्या काठावर उभी होती, बोर्डाची दोरी पायाला बांधून, बोर्ड काखेत. ती थांबली होती ती फक्त क्लॅरीसाठी. दिवसातल्या पहिल्या लाटेचा मान आलेल्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याचा, हा ऐरणीचा नियम. वर्षभर कंबर धरून घरी बसलेला एकाहत्तरचा क्लॅरी माझं बोलणं ऐकून उठला होता, आणि आता रबरी पोशाखात एक पाय घालून दुसऱ्या टाचेशी झुंजत होता.

“आटपा ना, क्लॅरीकाका!”

“घाई काय आहे? व्हर्न रेडिओवर रडला. दिवसभर पुरेल एवढं आहे.”

मी धावत खाली गेलो, तिचा दंड धरला. “उतरू नकोस. पश्चिमेची आहे.”

ती हसली. “बाबा, पुरे की आता. इथे बाहेरचं कोणी नाहीये.”

खरंच नव्हतं. मेलबर्नच्या पोरांनी ऐकलं होतं आणि ती कॅराव्हॅन पार्कातच बसली होती.

तेवढ्यात क्षितिज जाड झालं. पहिली लाट आली, उभी राहिली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम पडली. पायाखालचा कातळ हादरला. दुसरी आली. तिसरी येताना खडक उघडा पडला, तपकिरी, कोरडा वाटावा इतका. बाहेर पडायची वाट कुठे होती तेही दिसेना. क्लॅरी एक पाय पोशाखात तसाच ठेवून खाली बसला.

“पश्चिम,” तो म्हणाला. मग माझ्यावरच डाफरला. “मग नीट सांगायचं ना, गाढवा!”

लोक बोर्ड उचलून वर जाऊ लागले. ब्रॉनीने पायाची दोरी सोडली आणि माझ्या शेजारी बसली.

“बाबा, तू फोनवर दर रविवारी म्हणतोस, इथे काही नाही, तिकडेच राहा.”

“हं.”

“ते सरळ, की उलटं?”

“उलटं. एरवी ऐरणीचं सांगतो तसं,” मी म्हणालो.

“चार वर्षं मी ते खरं धरलं, बाबा,” ती म्हणाली.