समुद्रात निघालेला हात

या वयात आईच्या पदराला चिकटून बसणं गोरक्षला शोभत नाही, असं खुद्द त्याच्या आईनं, साळुबाईनं, अर्ध्या आळीला ऐकवलं होतं. चाळिशीला टेकलेला बाप्या, चेन्नईला इंजिनियर, आणि वासरासारखा मागं मागं फिरतोय. गोठ्यात घसरून तिचा उजवा हात मोडला, प्लास्टर घातलं, तेव्हापासून हा तिला घास भरवत होता. तेही चिमणीला घालावेत एवढुसे. घरात इंद्रायणीसारखी धडधाकट सून असताना.

आणे पठारावरच्या या गावात उन्हाळ्यात प्यायला टँकर लागतो, आणि तिथला हा पोरगा समुद्राच्या तळाशी उतरणाऱ्या यंत्राचा हात बनवायचा. खाली मिट्ट काळोख, वर पाण्याचा एवढा भार की पत्र्याचा डबा चेपून जावा. म्हणून हाताच्या सांध्यांत तेल भरलेलं, असं त्यानं तिला समजावलं होतं. दगड उचलणं सोपं. लोण्यासारखा मऊ जीव न चिरडता उचलायचा, यातच त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

मोबाइलला रेंज फक्त ओट्यावर. तिथं तो हिंदीत बोलत होता, आणि मालिका बघून बघून आईला हिंदी समजायला लागलीय, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. परवा जहाज निघणार होतं. हात पहिल्यांदाच समुद्रात उतरणार होता. पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्यानं विनवत होता की तिलाही ऐकू आलं: पकड कुठं आवळायची, कुठं सैल सोडायची, ते तुझ्यासारखं कुणाला जमत नाही, तू ये. हा म्हणाला, माझ्यावाचून जाऊ द्या, आईला सोडवत नाही.

जेवायला बसल्यावर त्यानं घास पुढं केला, साळुबाईनं तोंड फिरवलं. डाव्या हातानं जेवणाऱ्या नातवंडांच्या पाठीत धपाटे घालणाऱ्या त्या बाईनं डाव्या हातानं भाकरी मोडली आणि कालवणात बुडवली. निम्मं लुगड्यावर सांडलं. इंद्रायणी उठू लागली, तिला डोळ्यांनीच बसवलं. उरलेलं निम्मं तोंडात गेलं. सावकाश चावून झालं.

गोरक्षच्या हातातला घास तसाच होता. त्याचं मनगट धरून तिनं तो त्याच्याच तोंडाकडं नेला.

"पोरीला पयल्यांदा सासरला धाडताना पाठराखीण देत्यात का न्हाई? तुझं जपलेलं लेकरू अंधारात, परक्या पाण्यात निघालंय, अन् तू हितं म्हातारीला भरवत बसलायस. माझ्यापाशी सून हाय. त्याच्यापाशी कोन हाय? लेकराला एकलं धाडनारा माझ्या पोटचा नसतो, गोरक्षा. ऊठ, पिशवी भर."