दुपारची गळती

कानसेन निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांनी घरातलं सगळं ऐकून संपवलं.

गाण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. पाणीखात्यात त्यांना आयुष्यभर एकच काम होतं. जमिनीखालचा नळ कुठे गळतो आहे, ते वरून ऐकून सांगायचं. त्यासाठी पुरुषभर उंचीची एक पोलादी काठी असे. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं आणि वरच्या टोकाची पितळी वाटी कानाला लावायची. खाली पाणी गळत असेल, तर झोपलेल्या माणसाच्या नाकातून येतो तसा बारीक आवाज काठीतून वर येई. मग कानसेन खडूनं रस्त्यावर फुली मारत आणि जेवायला जात. खड्डा इतरांनी खणायचा. कानसेन हे नाव खात्यानंच ठेवलेलं होतं आणि ते इतकं चिकटलं की घरच्या दारावरही तेच लागलं.

पुढे खात्यात यंत्र आलं. निरोपाच्या वेळी साहेबांनी भरल्या गळ्यानं ती काठी कानसेनांना भेट दिली, कारण भंगारवाला ती न्यायला तयार नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी फ्रिज ऐकला, गीझर ऐकला, शेजाऱ्यांचा झोपलेला कुत्रा ऐकला. कुत्र्याची तब्येत उत्तम होती. बायको आधीच निवृत्त झालेली नर्स. ती म्हणाली, निवृत्तीनंतर माणसानं स्वतःला कशात तरी गुंतवून घ्यावं. त्यांना ते पटलं आणि त्यांनी तिच्या पाठीला काठी लावली. पाठीत गळती नाही, असं त्यांनी जाहीर केलं. बायको तळमजल्यावरच्या मोठ्या बाईंकडे जरा बसायला म्हणून निघून गेली. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. बायको रोज दुपारी त्यांच्याकडे बसायला जाई आणि संध्याकाळी दमून परत येई. नुसतं बसून माणूस इतका दमतो कसा, हा प्रश्न कानसेनांना कधी पडला नाही. तिच्या भुवयांवर पावडर असते हे त्यांनी पाहिलं होतं, पण बायकांच्या पावडरीत पुरुषानं नाक खुपसू नये असं त्यांचं मत होतं.

अशाच एका दुपारी सगळी इमारत झोपलेली असताना त्यांनी न्हाणीघराच्या भिंतीला काठी लावली आणि त्यांचे कान टवकारले गेले.

सूंऽ. मग थोडं थांबून पुन्हा सूंऽ.

गळती थांबत नाही. गळतीला श्वास घ्यावा लागत नाही, सुट्टीही लागत नाही. ही मात्र मध्ये दम खात होती, आणि चहाच्या वेळेला तर चक्क चहाला गेल्यासारखी पंधरा-वीस मिनिटं गप्प बसली. एवढ्या नोकरीत कानसेनांनी असली गळती ऐकली नव्हती. त्यांना त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही, आणि ते आजारपणानं नव्हे, आनंदानं.

आनंद चार दिवस टिकला. मग ते आपले सहज कानाच्या डॉक्टरकडे गेले. कान साफ असला की आवाज स्वच्छ येईल, एवढाच हेतू. डॉक्टर तरुण आणि नम्र होता. त्यानं कानात उजेड टाकून पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की या वयात कधी कधी कान स्वतःच आवाज करू लागतो. बाहेर शांतता असली की तो जास्त जाणवतो, म्हणून दुपारीच.

"मग तो बंद कुठून करायचा?" कानसेनांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाला, त्याला कॉक नसतो.

घरी येताना ते रस्त्याच्या कडेकडेनं चालले. लोकांचे नळ ज्या कानानं आयुष्यभर पकडले, तोच आता गळायला लागला असेल, तर मग आपल्याकडे उरलं काय? काठी. आणि काठी तर भंगारवाल्यानंही नाकारलेली. आवाज जमिनीतला आहे की डोक्यातला, एवढं एकदा कळलंच पाहिजे होतं.

बायकोला विचारलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. पण खात्यातला पहिला धडा असा, की रहिवाशाला काही विचारायचं नाही. रहिवासी नेहमी शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवतो. कानसेनांनी हा धडा इतका गिरवला होता की बायकोही त्यांना रहिवासीच वाटे.

अंगण खणायची परवानगी मागायला ते चेअरमनकडे गेले. इमारतीचे चेअरमन बोलायचे न्यायाधीशासारखे, पण आयुष्यभर त्यांनी बिस्किटांच्या डब्यांची झाकणं नीट लागतात की नाही ते तपासलं होतं. रोज सकाळी अंगणात ते हास्यक्लब चालवत. हसू येवो न येवो, हसायचं. कानसेन तिथे कधी फिरकले नव्हते, आणि ते चेअरमनना लागलं होतं.

म्हणून चेअरमननी अट घातली. अंगण खणायला हरकत नाही. पण गळती निघाली नाही, तर कानसेनांनी काठी सोसायटीच्या ताब्यात द्यायची आणि रोज सकाळी हसायला यायचं.

कानसेनांनी मान्य केलं. अंगणात सगळ्यात मोठा आवाज जिथे आला तिथे त्यांनी खडूनं फुली मारली. फुली जराशी अधिकच्या चिन्हासारखी आली.

खणायच्या दिवशी दुपारची झोप टाकून सगळी इमारत अंगणात जमली. फक्त बायको आणि मोठ्या बाई आल्या नाहीत. प्लंबरनं खणायला घेतलं. वर कोरडी माती, खाली कोरडी माती. मग एक गांडूळ निघालं, तेही तहानलेलं दिसत होतं. नळ लागला. नळ धडधाकट होता. लोक एकमेकांकडे पाहू लागले, चेअरमन घसा खाकरू लागले. प्लंबरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं आणखी एक घाव जोरात घातला.

पाणी पहिल्या मजल्यापर्यंत उडालं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. नखशिखान्त भिजलेल्या चेअरमननी गळती सापडल्याचं जाहीर केलं आणि दिलदारपणे कानसेनांना मिठी मारली. प्लंबरनं एकदा कुदळीकडे पाहिलं, एकदा कानसेनांकडे, आणि मग तो बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिला. कोणीतरी धावत जाऊन मुख्य कॉक बंद केला. कारंजं बसलं.

झालं ते ठीक झालं म्हणून कानसेन घरी जाऊ शकले असते. काठी वाचली होती, अब्रू वाचली होती. पण त्यांनी ओल्या जमिनीवर काठी टेकवली आणि डोळे मिटले.

सूंऽ. सूंऽ.

पाणी बंद, नळ आ वासून पडलेला, आणि आवाज आहे तिथेच. म्हणजे डॉक्टर म्हणतो तेच.

लोक एकमेकांचे फोटो काढत होते. कानसेन हळूच गर्दीतून बाहेर पडले आणि चालू लागले. आवाज डोक्यातला असेल तर तो सावलीसारखा बरोबर येईल, जमिनीतला असेल तर कुठेतरी मागे राहील. फाटकापाशी त्यांनी काठी टेकवली. काही नाही. छातीतली धडधड तेवढी ऐकू आली, ती त्यांनी वजा केली. जिन्यापाशी थोडं. मागच्या बाजूला वळल्यावर जास्त. मोठ्या बाईंच्या गॅरेजच्या शटरला काठी लावली, तर आवाज कानात मावेना. ते गॅरेज मोठ्या बाईंनी गाडी विकल्यापासून बंद होतं, असं सगळे धरून चालले होते.

"थांबा," कानसेन मोठ्यानं म्हणाले.

आवाज थांबला.

"आता करा."

आत जरा कुजबुज झाली. मग सूंऽ.

"थांबा."

पुन्हा शांत. त्यांनी हे इतक्या वेळा केलं की आतली माणसं कंटाळून स्वतःहूनच थांबली. कानसेन शटरसमोर खाली बसले. कानात काहीही वाजत नव्हतं. इतकं छान काहीच त्यांनी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

शटर वर गेलं. समोर बायको उभी होती, हातात लाकूड घासायचा पॉलिशपेपर, भुवया पांढऱ्या. तिच्या मागे मोठ्या बाई, आणि मोठ्या बाईंच्या मागे एक होडी.

"हे काय आहे?"

"होडी," बायको म्हणाली. बादली म्हणावं तसं.

"कुणाची?"

"आमची."

इथून नदी केवढी लांब आहे, असं कानसेन म्हणू लागले, तर मोठ्या बाईंनी हात वर करून त्यांना गप्प केलं. अंतरं मला सांगू नका, मी भूगोल शिकवलाय, म्हणाल्या. सगळी नोकरी मुलांकडून नद्या पाठ करून घेतल्या, पण एकीतही त्यांचा पाय बुडाला नव्हता. बायकोचं म्हणणं त्याहून साधं होतं. तिला असं काहीतरी करायचं होतं जे आजारी नाही.

कानसेनांनी होडीभोवती एक फेरी मारली. एक टोक गुळगुळीत होतं, दुसरं अजून खडबडीत. भिंतीपलीकडून पाण्याचा उभा नळ वर जात होता. आवाज त्याच वाटेनं वर चढत होता तर.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत का? पाठीला काठी तेवढी लावलीत. घासून घासून ती दुखायची, ते नाही ऐकू आलं."

तेवढ्यात अंगणातून चेअरमनची हाक आली. गळतीबरोबर सगळ्यांचा फोटो काढायचा होता. बायकोनं कसली गळती म्हणून विचारलं, तेव्हा कानसेनांनी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. डॉक्टरचंही. ती डॉक्टरच्या वाक्याशी थोडी थांबली आणि तिनं त्यांच्या कानावर पडलेला भुसा बोटानं झटकला.

"मग काही बोलू नका," ती म्हणाली. "फुटलाय ना नळ? तुमची काठी तुमच्याकडे."

"तो नळ मी ऐकलेला नाही गं."

ते अंगणात गेले. सगळे फोटोसाठी दात काढून उभे होते. कानसेनांनी सांगितलं की गळती नव्हती, नळ आपणच फोडला. मी ऐकत होतो ती होडी होती. अटीप्रमाणे त्यांनी काठी चेअरमनच्या हातात दिली आणि उद्या सकाळी किती वाजता हसायला यायचं ते विचारलं.

ही माणसं रोज सकाळी विनाकारण हसत. आज कारण समोर उभं होतं आणि एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. चेअरमननी काठी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं,

"होडी केवढी?"

गॅरेजसमोर रांग लागली. शटर पुन्हा खाली घ्यायचं असं चेअरमनचं म्हणणं पडलं, कारण उघड्या दारानं ऐकण्यात काय गंमत. त्यांनी काठी शटरला लावली, वाटी कानाला लावली आणि आत निरोप पाठवला की सुरू करा. डोळे मिटून ते बराच वेळ उभे राहिले. मागचे लोक पुरे आता म्हणून कोपरानं ढोसू लागले, तरी ते हलेनात.

कानसेन तेव्हा आत होते. तिथे पॉलिशपेपरचे दोनच तुकडे होते, म्हणून बायकोनं आपला मधोमध फाडून अर्धा त्यांना दिला आणि खडबडीत टोक दाखवलं.