ताटावरचा जास्तीचा ठिपका

कस्टम्सकडून आलेल्या फोटोंपैकी एकात दादाची मशीन उताणी ठेवली होती. तळाच्या पट्टीवर नंबर होता. तो आमच्या मशीनचा नंबर नव्हता.

मशीन म्हणजे ब्रेल टाइप करायचं यंत्र. सहा ठिपक्यांच्या सहा कळा, मधे जागा सोडायची एक. चंद्रकुमार, माझा थोरला भाऊ, जन्मापासून आंधळा आहे. नागपूरच्या शाळेतून निघताना एका संस्थेनं त्याला ती दिली होती. बनवणारी कंपनी जर्मनीतली, अगदी छोटी. उन्हाळ्यात मशीनचा सरकणारा गाडा अडकला, तेव्हा मी कंपनीला लिहिलं. 'पाठवा, फुकट दुरुस्त करू,' असं उत्तर आलं. गोंदियाच्या कुरियरमधून मीच ती पाठवली आणि पाठवणीच्या कागदावर तळाचा नंबर नीट लिहिला. आता दुरुस्त होऊन परत येताना ती मुंबईला थांबली होती, आणि कस्टम्सचा कागद म्हणत होता, गेलेली वस्तू आणि आलेली वस्तू एकच असल्याचा पुरावा शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाईल.

"नंबर लिखा ही क्यों, मॅडम?" कुरियरच्या काउंटरवरचा हिमांशू म्हणाला. "लोग 'पुराना सामान' लिखते हैं, खतम. आप साइन्सवाले लोग..."

"खोटं कसं लिहू?"

"झूठ कौन बोला? कम बोलो, बस."

मी त्याला कंपनीची चिठ्ठी दाखवली. 'दुरुस्ती पूर्ण,' एवढंच होतं तिच्यात. तळाचा सांगाडा नंबरासकट बदलला असणार, हे मला कळत होतं, पण चिठ्ठीत तसं कुठंच नव्हतं. कंपनीला मेल केला तर लगेच यांत्रिक उत्तर आलं: सुट्टीमुळे महिनाअखेरपर्यंत बंद.

"तर मग हे फोटो घ्या अन घरी विचारा," हिमांशूनं सगळे फोटो माझ्या मोबाइलवर टाकले. "कोई पुराना बिल, पुराना फोटो, कुछ तो निकलेगा."

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरच्या माझ्या खोलीत यातलं काहीच नव्हतं. गोंदियात मी एका शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवते, घर अर्जुनी मोरगावपासून जवळच्या गावात आहे. क्लासला सुट्टी टाकून मी बल्लारशाची गाडी पकडली. दोन्ही बाजूंना धान निसवायला आलं होतं. गाडीत मी तोच फोटो परत परत मोठा करून पाहत होते, जणू पाहिल्यानं नंबर बदलणार होता.

पुरावा नाही मिळाला तर काय जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादा नाटकात ऑर्गन वाजवतो. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. त्याच्या मंडळाची यंदा तीन नाटकं होती. तालमी सुरू झाल्या होत्या. दिग्दर्शक छोटेलालजी रोज काहीतरी बदलतात: हे गाणं आधी घ्या, इथं सूर अर्ध्यावर तोडा, इथं बाप मरेल तेव्हा काहीच वाजवू नका. ते बोलत असताना दादा टाइप करतो आणि तिथंच बोट फिरवून वाचतो. पाटी आणि टोच्यानं लिहिता येतं त्याला, पण तसं लिहिताना ठिपके कागदाच्या मागून टोचावे लागतात. वाचायचं तर कागद काढा, उलटवा, परत लावा. तोवर छोटेलालजी पुढच्या प्रवेशात गेलेले असतात. मागच्या तालमीत दादानं बाप मेल्यावर लग्नाचं गाणं वाजवलं. सगळे हसले. छोटेलालजी हसले नाहीत.

"मशीन आली तं तू," ते म्हणाले होते, "नाई तं मी वडशाचा ऑर्गनवाला पोरगा बोलावतो. मले वाईट वाटते, चंदू, पन प्रेक्षकाले नाई वाटत."

मी घरी पोचले तेव्हा दादा जेवायला बसला होता. आईनं माझ्यासाठीही ताट घेतलं.

"फोटोत का दिसते ते सांग," दादा म्हणाला. "पहिल्यापासून."

मी सांगत गेले. मशीन समोरून. मशीन बाजूनं, गाडा उजव्या टोकाला. तळ आणि नंबर. चौथा फोटो झाकणाचा. त्याखाली इंग्रजीत शेरा होता: झाकणाला पोचे, जुनं नुकसान.

"कोणते पोचे?"

"डाव्या कोपऱ्यात. लहान लहान फुगवटे आहेत. ओळीत."

दादा जेवता जेवता हसला. "ते माझं नाव हाय, दुर्गा."

मला ब्रेल तक्त्यावरून बऱ्यापैकी वाचता येतं. मी फोटो मोठा केला आणि अक्षरं जुळवायला लागले. काहीच जुळेना.

"उलटं हाय ते. आरशात पाहिल्यावानी," तो म्हणाला. "बकारामभाऊनं आतून ठोकलं ना. मले का फरक पडते? पाटीवर उलटंच लिहितो मी. बोटाले सवय हाय."

"बकारामभाऊ? भांडेवाले?"

"मंग कोण?" आई चुलीकडून म्हणाली. "तू नागपूरले शिकून राहिली होती तवा. घरातली कोनती वस्तू नावाबिगर हाय सांग? गावजेवणात गेलेला भाताचा गंज नावावरून तं परत येते. अन एवढी परदेशातली मशीन तशीच ठेवू का? मी म्हटलं, बकाराम, टाक चंदूचं नाव. तं हा म्हणते, मले वाचता आलं पाह्यजे."

"बराबर हाय," दादा म्हणाला. "माझ्या मशीनवर दुसऱ्याईनं वाचावं अन मी नाई, हे कोनता कायदा?"

म्हणून त्यानं जाड कागदावर मशीननंच आपलं नाव टाइप केलं आणि बकारामभाऊंना दिलं. त्यांनी कागद झाकणाच्या आतल्या बाजूला ठेवून प्रत्येक ठिपक्यावर बोथट खिळा ठोकला. फुगवटे बाहेर आले, पण कागद पालथा घालायला हवा होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझा हात घासाबरोबर थांबला. झाकण जुनंच होतं. सांगाडा बदलला, नंबर बदलला, पण कंपनीनं झाकण ठेवलं होतं. पण ते जुनं आहे हे मी कुणाला कशावरून दाखवू? मशीन पाठवण्याआधीचा झाकणाचा फोटो आमच्याकडे नव्हता. दसऱ्याला पूजेत ठेवलेल्या मशीनचा एक फोटो होता, त्यात झाकणावर एवढा झेंडू होता की झाकण दिसतच नव्हतं.

"आजून भात घे," आई म्हणाली.

"नको."

"काऊन? कस्टमवाल्याईनं जेवू नोको म्हणून लिहिलं का?"

दादा ताटाच्या काठावर अंगठा फिरवत होता. तो जेवण झालं की तसं करतो, मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"तू काय करतोस ते?" मी विचारलं.

"नाव वाचून राहिलो. याच्यावर बी हाय ना. त्याच दिवशी ठोकलं. पहिले ताट, मंग मशीन." मग तो म्हणाला, "याच्यात एक ठिपका जास्तीचा हाय. कोनत्याच अक्षरात बसत नाई. अंगठ्याले रोज अडते."

मी त्याच्याकडे पाहिलं. "आणि झाकणावर?"

अंगठा थांबला.

"तिथं बी अडते," तो हळू म्हणाला.

मी फोटो मोठा केला. चौथ्या अक्षराच्या खाली, ओळीच्या बाहेर, एक फुगवटा होता. आतापर्यंत मला तो खरंच पोचा वाटला होता. दादाचं ताट धुऊन पुसलं आणि खिडकीपाशी तिरप्या उजेडात धरलं. ठिपक्यांच्या सावल्या पडल्या. चौथं अक्षर, त्याच्या खाली, थोडा डावीकडे.

बकारामभाऊंचं दुकान अर्जुनीच्या बाजारात आहे. मी ताट आणि मोबाइल समोर ठेवला तसे ते खुर्चीवरून उठलेच.

"आता एवढ्या वर्सांनं चूक काढायले आली का, बाप्पा?"

"चूकच पाहिजे मला, भाऊ. ती कशी झाली ते सांगा."

त्यांनी ताट डोळ्यांजवळ नेलं. "हा पाय. ताटाचा काठ गोल. खिळा सरकला अन कागदाले जास्तीचं भोक पडलं. मंग तोच कागद मशीनवर लावला. भोक दिसलं तं ठोकलं. मले का मालूम, कोनतं भोक त्याच्या नावाचं अन कोनतं माझं?"

मला एवढंच हवं होतं. एकाच कागदातून दोन्ही ठोकले होते. मशीनमधून टाइप झालेले ठिपके ठरलेल्या अंतरावरच पडतात, हा एक मात्र हातून सुटलेला होता. तो योगायोगानं दोनदा त्याच जागी पडणं शक्य नव्हतं.

घरी येऊन मी ताटाचा वरून सरळ फोटो काढला. कस्टम्सचा फोटो तिरपा होता. झाकणाचे चार कोपरे आयताचे धरून तो आधी सरळ केला. मग नावाचा पहिला आणि शेवटचा ठिपका एकमेकांवर बसवले. बाकीचे आपोआप बसले, जास्तीच्यासकट. खाली मी लिहिलं: हे ताट भारताबाहेर कधीच गेलेलं नाही. ताटावर आणि झाकणावर एकाच कागदातून, एकाच माणसानं, अर्जुनी मोरगावला खिळा ठोकला आहे. म्हणजे हे झाकण जर्मनीत जाण्याआधी अर्जुनी मोरगावला होतं. बकारामभाऊंनी खाली स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सदर चूक माझी आहे,' आणि सही केली.

"थाली?" हिमांशू दुसऱ्या दिवशी काउंटरवर म्हणाला. "कस्टम को थाली का फोटो भेजूँ? लोग बिल भेजते हैं, आधार भेजते हैं..."

"भेजो ना भैया."

"भेज रहा हूँ. पर मुझे डाँट पड़ी तो आपका नाम बोलूँगा." मग पाठवता पाठवता तो थांबला आणि दोन्ही फोटो बराच वेळ पाहत राहिला. "अरे," तो म्हणाला. "ये तो सेम है."

बुधवार गेला. गुरुवारी क्लासमध्ये मी आरशातली प्रतिमा शिकवत होते तेव्हा मुंबईचा फोन आला. कुरियरच्या कार्यालयातल्या बाई होत्या. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना दोन गोष्टी विचारायच्या होत्या.

"ओळीबाहेरचा ठिपका कशाचा आहे?"

"चुकीचा आहे."

"आणि ते ताट सध्या कुठं आहे?"

मी घड्याळ पाहिलं. जेवणाची वेळ होती. "वापरात आहे," मी म्हणाले.

पलीकडे त्या कुणाशी तरी बोलल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. सोडतायत. बदललेल्या भागाचं पत्र कंपनी उघडली की पाठवून द्या. ते फाइलला लागेल."

मी फोन ठेवला. मुलं माझ्याकडे पाहत होती. मी फळ्याकडे वळले आणि आरसा कुठं काढला होता तेच मला काही क्षण सापडेना.

पार्सल सोमवारी गोंदियाला आलं. आमच्या गावाच्या पिनकोडला कुरियर जात नाही, म्हणून दादा स्वतः गाडीनं आला. हिमांशूनं खोकं त्याच्यासमोर ठेवलं आणि कात्रीनं पट्ट्या कापल्या. दादानं कळांना हात लावला नाही. आधी झाकणाचा डावा कोपरा शोधला. अंगठा सरकत गेला, चौथ्या अक्षराशी अडला.

"हाय," तो म्हणाला.

"भाईसाब, साइन?" हिमांशूनं पेन पुढं केलं, मग ओशाळून अंगठ्याचं पॅड शोधायला लागला.

"साइन येते मले," दादा म्हणाला. "पेन द्या."

काउंटरवरूनच त्यानं छोटेलालजींना फोन लावला आणि मोबाइल मशीनजवळ धरून सगळ्या कळा एकदा दाबल्या. पलीकडून छोटेलालजी ओरडले ते मलाही ऐकू आलं: "आज संध्याकाळी तालीम हाय! येतो का तिथंच बसून राहतो?"

घरी आईनं मशीन दोन्ही हातांनी उचलून उताणी केली आणि तळाची नवी चकचकीत पट्टी पाहिली.

"हे खालचं नवं हाय ना?"

"हो."

"मंग याच्यावर नाव नाई."

त्यामुळे तालमीला जाताना आम्ही आधी बकारामभाऊंच्या दुकानापुढे थांबलो. जुना कागद केव्हाच गेला होता. मी म्हटलं, नवा टाइप करू, आणि या वेळी पालथा घालू, म्हणजे नाव सुलटं येईल. दादानं मान हलवली. त्यानं पिशवीतून ताट काढून दिलं. याच्यावरूनच घ्या, म्हणाला, दोन्हीकडे सारखं पाह्यजे.

बकारामभाऊंनी ताटाच्या काठावर पातळ कागद दाबून ठिपके उठवले, तळाची पट्टी सोडवून तिच्या आतल्या बाजूला तो कागद पालथा चिकटवला आणि खिळा उचलला. मग माझ्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं.

"तो माझ्यावाला बी ठोकू का?"

"तो पहिले ठोका," दादा म्हणाला.