सासूबाईंच्या पुस्तकाला कात्री

प्रकाशन संस्थेतली नोकरी सोडून मी घरूनच पुस्तकांचं संपादन करायचं ठरवलं आणि पहिला महिना माशा मारण्यात गेला. ओळखीच्या लेखकांना फोन केले, सगळे ‘बघू’ म्हणाले. कुणी ‘बघू’ म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

शेवटी एकदा माझं ऑफिस झालेल्या मागच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. सासूबाई, हातात जाडजूड फाइल. आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स होत्या, निवृत्तीनंतर वॉर्डातल्या आठवणी लिहून काढल्या होत्या.

"येऊ का बाई आत?" एरवी ‘अगं’शिवाय न बोलणाऱ्या सासूबाई चक्क अहो-जाहो करत होत्या. "या खोलीत तुम्ही संपादक, मी लेखिका. नातं बाहेर. काय ते स्पष्ट सांगायचं."

आठवणी झकास होत्या. वाचताना मी एकटीच खो खो हसत होते. पण मधली तीन प्रकरणं लाडक्या लेकाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. त्याचा पहिला दात, पहिली शाळा, पोहण्यातला तिसरा नंबर. वॉर्डाचा पत्ताच नाही.

"ती उडव, महिनाभर भांडी मी घासतो," नवरा म्हणाला. त्याचं काय जातंय? पण गप्प बसावं, तर माझं पहिलंच पुस्तक मधोमध रखडणार. ते वाचून मला पुढचं काम कोण देणार?

शेवटी सांगून टाकलं. "ही तिन्ही काढा. वाचक वॉर्डात रमलेला असतो आणि तुम्ही त्याला घरी घेऊन येता."

"बरं," म्हणत सासूबाईंनी फाइल उचलली. जेवताना माझ्यासमोरचं मीठसुद्धा त्यांनी लेकाकरवी मागितलं. मला रडू येत होतं. पुस्तकही गेलं आणि सासूही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक. सासूबाईंसोबत त्यांची मैत्रीण, काखेत कागदांचा गठ्ठा.

"मी कादंबरी लिहिलीय," मैत्रीण म्हणाली. "काल ही फोनवर तासभर तुमच्या नावानं बोटं मोडत होती. म्हटलं, जी सासूच्या लेकाला पुस्तकाबाहेर काढते, ती माझी काय भीड ठेवणार? मला अशीच संपादक हवी."

सासूबाईंनी फाइल माझ्यापुढे ठेवली. चांगलीच हलकी झाली होती.

"काढली प्रकरणं, बाई. तुमचं बरोबर होतं."

मग उंबरठा ओलांडून त्या वळल्या.

"अगं, पोहण्यातला तिसरा नंबर तेवढा ठेवलाय. त्याला हात लावलास तर बघ."