सेव्हिल ते ग्रनाडा, डोंगरातून

घडीचा नकाशा आहे मी, दक्षिण स्पेनचा. फोनमधले नकाशे हल्ली बोलतात, 'उजवीकडे वळा' म्हणून हुकूम सोडतात. आम्हा कागदी नकाशांचं काम वेगळं. आम्ही टेबलावर पसरून पडायचं आणि वर वाकलेल्या माणसांचं बोलणं ऐकायचं. ऐकलेलं खूप साठलंय, म्हणून आज तोंड उघडतोय.

माझा जन्म कुठल्या छापखान्यात झाला, आठवत नाही. कुणी प्रवासी मला शारजात टाकून गेला असावा. तिथल्या रोल्ला भागातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात, पाककृतींच्या गठ्ठ्याखाली मी पडून होतो. तिथून मला सूर्यकांत देवधरांनी उचललं. अबुधाबीत एका बांधकाम कंपनीत ते इंजिनीअर. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी आल्या आल्या त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर पसरलं.

"हे काय आणलंत?" त्यांच्या पत्नी प्रमिलाताई ओले हात पुसत आल्या.

"स्पेन! लग्नाला पंचवीस वर्षं झाली की जाऊ. सेव्हिलला उतरायचं, गाडी भाड्याने घ्यायची, ग्रनाडाला पोचायचं. चालवायला मी आहेच."

शाळकरी आभाने मान वर न करताच शेरा मारला, "बाबा, नोबडी यूजेस पेपर मॅप्स!"

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड. सुट्टीच्या संध्याकाळी चहाचे कप यायचे, चिवड्याची वाटी यायची, आणि मग त्या दोघांचं भांडण सुरू व्हायचं. सूर्यकांतरावांचं बोट सरळ हायवेवरून जायचं. "अडीच तासांत ग्रनाडा, खलास!" प्रमिलाताईंचं बोट खाली डोंगरात घुसायचं. झाहरा, ग्राझालेमा, रोंडा. उतारावर वसलेली पांढरीशुभ्र गावं, मधे निळं तळं, आणि आतड्यासारखा वळत गेलेला रस्ता.

"पोचायचंच असेल तर विमानाने जाऊ की," त्या म्हणायच्या. "मला रस्ता बघायचाय."

"अगं, ही वळणं बघ! चक्कर येईल तुला."

"येऊ दे."

भांडण कधीच मिटत नसे. कपाचं ओलं कडं माझ्या समुद्रावर उमटायचं, आणि माझी घडी हमखास चुकीची घातली जायची. मी खुशीत असायचो.

पंचविसावं वर्ष आलं, तेव्हा पुण्यात प्रमिलाताईंच्या सासूबाई आजारी पडल्या. पुढे करोनात विमानंच बंद झाली. मग आभाचं कॉलेज आलं. दर वेळी मला कपाटात ठेवताना सूर्यकांतराव म्हणायचे, "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

आणि एका दुपारी ते लायसन्स रिन्यू करायला गेले. त्यासाठी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून घ्यावे लागतात. तिथे भिंतीवरची अक्षरं त्यांना दिसलीच नाहीत. मधुमेहाने डोळ्यांचे पडदे कधीचे पोखरले होते. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली. त्याने आहे ती नजर टिकली, गेलेली परत आली नाही. ऑफिसात त्यांना सल्लागाराचं बसून काम मिळालं. गाडी चालवणं मात्र सुटलं.

त्या आठवड्यात त्यांनी मला कपाटातून काढलं, डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, आणि रद्दीच्या पिशवीत घातलं. प्रमिलाताईंनी मला तिथून उचललं ते रागानेच.

"मला विचारलंत?"

"काय विचारायचं? चालवणार कोण?"

"मी!"

ते हसले. हसायला नको होतं. बावन्नाव्या वर्षी, आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात न लावलेल्या प्रमिलाताईंनी दुसऱ्याच दिवशी मुसफ्फाजवळच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

शिकवणारी हुमेरा पाकिस्तानातल्या मुलतानची होती. तिच्या गोष्टी रोज जेवताना माझ्या कानावर पडायच्या. ती ओरडायची, "सिस्टर, मिरर देखो! ब्रेक पे खडे मत हो जाओ, यल्ला!" पहिल्या परीक्षेत ताई नापास झाल्या, दुसऱ्यातही. त्या रात्री जेवल्या नाहीत. सूर्यकांतरावांनी ताट झाकून ठेवलं आणि अवघडून म्हणाले, "उद्या पार्किंगमध्ये सराव करू. मी शेजारी बसतो. दिसत नसलं तरी इंजिनचा आवाज कळतो मला."

तिसऱ्या वेळी त्या पास झाल्या. हुमेराला पेढे द्यायला गेल्या तेव्हा पर्समध्ये मी होतो. त्यांनी मला तिच्या गाडीच्या बॉनेटवर उघडून डोंगरातला रस्ता दाखवला. हुमेरा बघतच राहिली. "यहाँ? अकेली चलाओगी?"

"अकेली कशाला? हे आहेत ना शेजारी," ताई मराठीतच म्हणाल्या.

आधी त्यांनी अल ऐनचा वळणावळणाचा डोंगर, जेबेल हफीत, गाडीने चढून पाहिला. वर पोचल्यावर कळलं, सूर्यकांतरावांनी रस्ताभर आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबून धरला होता. पोटरीत गोळा आला होता. दोघं पोट धरून हसली.

पुढच्या वसंतात आम्ही सेव्हिलला उतरलो. तिथेही गाड्या उजव्या बाजूनेच चालतात, हा ताईंना मोठा दिलासा. तरी शहराबाहेर पडल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"अहो, हायवेनेच जाऊ या का? तुम्हीच म्हणायचात ना, सरळ आहे म्हणून."

मी सूर्यकांतरावांच्या मांडीवर होतो. माझी अक्षरं आता त्यांना मुंग्यांची रांग वाटत असणार. तरी ते माझ्यावर हात फिरवत म्हणाले, "डोंगरातून चल, प्रमिला."

"पण तुम्हाला तर…"

"सरळ रस्त्यावर मला काय कळणार? वळणं तरी अंगाला कळतील. आणि दिसेल ते तू सांग."

ताईंनी डोळे पुसले आणि गाडी डोंगराकडे वळवली. दिवसभर त्या बोलत राहिल्या. आता तळं आलं, मोरपिशी रंगाचं. आता गाव, जणू कुणी डोंगरावर पांढरे कपडे वाळत घातलेत. आता खाली दरी आहे, ती नाही सांगत. सूर्यकांतराव खिडकीची काच खाली करून वारा घेत होते आणि प्रत्येक वळणाला लहान मुलासारखे "आलं!" म्हणत होते. ग्रनाडाला पोचायला रात्र झाली. कुणालाच घाई नव्हती.

नोकरी संपली आणि देवधर मंडळी पुण्याला गेली. जाताना ताईंनी मला हुमेराला दिलं. तेव्हापासून मी तिच्या ट्रेनिंगच्या गाडीत, सीटसमोरच्या खणात राहतो. नवी शिकाऊ बाई रडकुंडीला आली की हुमेरा मला काढते, त्या वळणांवर बोट ठेवते आणि म्हणते, "ये देखो, मेरी एक सिस्टर यहाँ गाडी चला के आई है." बाई नाक ओढते, पुन्हा गिअर टाकते. मला बरं वाटतं. पण घडी लगेच घातली जाते, आणि चहाचा वास येत नाही.

काल दोन क्लासच्या मधे गाडीत दुसरं कुणी नव्हतं. हुमेराने मला स्टिअरिंगवर पसरलं. किती जणींना तिने रस्त्यावर आणलं, पण स्वतः ती या देशाबाहेर कधी गाडी घेऊन गेलेली नाही. तिचं बोट सेव्हिलवर टेकलं, जरा थांबलं, आणि हळूच डोंगराकडे सरकलं.

हुमेरा, स्टिअरिंगवर मी नीट मावत नाही गं. मला घरी ने, टेबलावर ऐसपैस पसर, आणि भांडायला समोर कुणाला तरी बसव.